वेढ्यातील परसबाग

वसंत ऋतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आंब्याचा मोहोर येतो, पानाविना फुललेला पळस येतो, होळी आणि रंगपंचमी येते. परसातल्या भाजीपाल्याशी मात्र या ऋतुराजाचे आपल्याकडे फारसे सख्य नाही. आपली परसबाग जागी होते ती मृगाच्या पहिल्या सरीबरोबर. कुंपणावर दोडक्या-पडवळाचे वेल चढतात, उकिरड्यावर कुणी न लावताच भोपळा पसरतो. पुढे दिवाळी सरली, पहाटेच्या हवेत गारवा आला, की दुसरी पेरणी होते. मेथी, मुळा, चाकवत आणि कोथिंबीर यांचे वाफे मोरीच्या पाण्यावर हिरवेगार होतात. फाल्गुन-चैत्र येईपर्यंत विहिरी खाली गेलेल्या असतात आणि आळी भेगाळू लागलेली असतात. म्हणजे आपल्याकडे वसंत येतो तो परसबागेचा निरोप घेण्यासाठी.

उत्तरेकडच्या थंड मुलुखात नेमके याच्या उलट असते. तेथे जमीन चार-पाच महिने बर्फाखाली दगडासारखी पडून राहते. हिरवे पान म्हणून काही दृष्टीस पडत नाही. तळघरात साठवलेले बटाटे, गाजरे आणि मिठात आंबवलेला कोबी यांवर घर हिवाळा काढते. दिवस मोठा होऊ लागला, छपरांवरचे बर्फ ठिबकू लागले, की माणसे बियांच्या पुड्या काढून बसतात आणि कोणत्या वाफ्यात काय लावायचे याचे बेत करतात. वसंताची वाट पाहणे हा तेथे कविकल्पनेचा विषय नाही. तो स्वयंपाकघराचा विषय आहे.

पण अवघ्या एका महानगराने, मरणाच्या दारात उभे राहून, वसंताची आणि चार वाफे भाजीची वाट पाहिल्याचे उदाहरण इतिहासात फारसे सापडायचे नाही. ते शहर म्हणजे रशियातील लेनिनग्राड. पीटर द ग्रेटने वसवलेली ही नगरी १९९१ पासून पुन्हा आपल्या जुन्या सेंट पीटर्सबर्ग या नावाने ओळखली जाते. या शहराने दुसऱ्या महायुद्धात सोसलेल्या वेढ्याची हकिगत शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकते. त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत एक परसबाग दडलेली आहे. तिची ही कथा.

१

२२ जून १९४१ रोजी हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या आणि अडीच महिन्यांत लेनिनग्राडच्या वेशीशी येऊन ठेपल्या. ८ सप्टेंबर रोजी श्लिसेलबुर्ग हे ठाणे पडले आणि शहराची जमिनीवरची शेवटची वाट बंद झाली. त्याच दिवशी विमानांच्या बॉम्बवर्षावात बदायेव्ह गोदामांतील अन्नसाठा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. जळणाऱ्या साखरेचा पाक मातीत मुरला. पुढे हिवाळ्यात लोकांनी ती गोड माती उकरून नेली आणि पाण्यात विरघळवून, गाळून प्यायली.

शहरात त्या वेळी सुमारे पंचवीस लाख माणसे होती. हल्ला करून शहर जिंकावे आणि मग त्या लाखो तोंडांना अन्न घालावे, हा व्याप जर्मन सेनापतींना नको होता. वेढा आवळून बसावे आणि भूक व थंडी यांच्याकडून काम करून घ्यावे, असा त्यांचा थंड डोक्याने आखलेला बेत होता. तोफखाने रोज मारा करीत होते. पण खरे शस्त्र रिकामे पोट हेच होते.

शिधा पाच वेळा कमी करण्यात आला. २० नोव्हेंबर १९४१ रोजी तो तळाला गेला. कारखान्यातील कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, आणि कारकून, घरातली वडीलधारी माणसे व मुले यांना १२५ ग्रॅम. तोही नावाचा पाव. पिठात सरकीची पेंड आणि लाकडापासून काढलेला भुसा मिसळलेला असे, आणि वजन भरावे म्हणून पाणी सढळ हाताने घातलेले असे. आपल्या घरच्या जेमतेम दोन पोळ्या होतील एवढेच खरे पीठ त्यात असावे. त्यावर माणसाने चोवीस तास काढायचे. पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली उतरलेला, नळ गोठलेले, दिवे गेलेले, ट्रामगाड्या रुळांवरच बर्फात थिजून उभ्या. लोकांनी टेबले जाळली, पुस्तके जाळली, भिंतीवरच्या कागदामागची खळ खरवडून तिचे सूप केले, कातडी पट्टे उकळले. आप्तांची प्रेते मुलांच्या घसरगाडीवर बांधून दफनभूमीकडे ओढत नेणारी माणसे रस्तोरस्ती दिसू लागली. दोर ओढणाराही कधीकधी वाटेतच बसे, आणि मग उठत नसे.

तान्या साविचेवा नावाची अकरा वर्षांची एक मुलगी याच शहरात होती. तिच्या छोट्या वहीच्या नऊ पानांवर घरातील एकेका माणसाच्या मृत्यूची तारीख आणि वेळ लिहिलेली आहे. डिसेंबरात बहीण गेली, जानेवारीत आजी, मार्चमध्ये भाऊ, नंतर दोघे काका. आईची तारीख आहे १३ मे १९४२. म्हणजे बर्फ वितळून गेले होते, झाडांना पालवी फुटत होती, शिधा वाढला होता, आणि तरीही आई गेली. तान्याला पुढे शहराबाहेर नेण्यात आले. पण १९४४ च्या जुलैत तिनेही डोळे मिटले. वसंत आला म्हणजे सारे वाचतात असे नाही. काहींच्या दारी तो उशिरा पोचतो.

लाडोगा नावाचे एक विस्तीर्ण सरोवर शहराच्या पूर्वेस आहे. ते गोठल्यावर त्याच्या बर्फावरून मोटारलॉऱ्यांचा रस्ता निघाला. बॉम्बफेकीत आणि फुटणाऱ्या बर्फात कितीतरी गाड्या तळाला गेल्या, पण पीठ येऊ लागले आणि परतीच्या गाड्यांतून म्हातारे-कोतारे व मुले बाहेर जाऊ लागली. या रस्त्याला लोकांनी ‘जीवनाचा मार्ग’ असे नाव दिले. २५ डिसेंबरला शिधा पहिल्यांदा थोडा वाढला. तरीही मरणाचा वेग लगेच ओसरला नाही. सगळ्या वेढ्यात मिळून सहा लाखांहून अधिक नागरिक प्राणास मुकले हे नक्की. हा आकडा आठ लाखांच्या आसपास असावा असे मानणारे इतिहासकारही पुष्कळ आहेत.

२

आता याच शहरातील एका इमारतीकडे वळू. सेंट आयझॅक कॅथीड्रल हे लेनिनग्राडचे भव्य देवालय. त्याचा सोनेरी घुमट शत्रूच्या विमानांना खूण पटवून देईल म्हणून करड्या रंगाने माखून टाकला होता. त्या देवालयापुढच्या चौकात वनस्पतिसंवर्धन संस्थेची वास्तू उभी होती. आजही उभी आहे. त्या संस्थेत अडीच लाखांच्या घरात बियाण्यांचे नमुने होते. गहू, तांदूळ, मका, ओट, वाटाणे, भुईमूग, नाना देशांचे, नाना रंगांचे. दुष्काळाने पिचलेल्या जगाची पुढची हजार वर्षांची शिदोरीच म्हणा ना!

हा संग्रह ज्याने उभारला त्याचे नाव निकोलाय वाव्हिलॉव्ह. १८८७ साली मॉस्कोत जन्मलेला हा शास्त्रज्ञ बियांच्या शोधात अर्धे जग पायाखाली घालून आला होता. अफगाणिस्तानच्या खिंडी, अबिसीनियाची पठारे, मेक्सिकोची मक्याची शेते, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत, जेथे जाईल तेथे बाजारात आणि शेतात हिंडून मूठ-मूठ बी तो गोळा करी. एखाद्या पिकाचे सर्वांत अधिक वाण ज्या प्रदेशात आढळतात, तोच बहुधा त्या पिकाचा मूळ देश, असा सिद्धान्त त्याने १९२६ मध्ये मांडला. त्याच्या नकाशात आपल्या हिंदुस्थानचाही मान मोठा आहे. वांगे, काकडी, तूर, भात ही पिके त्याने आपल्या भूमीच्या खात्यावर मांडली. भरल्या वांग्याला नाक मुरडणाऱ्या आपल्या घरातील चिरंजीवांना हे जरूर सांगावे.

रशियातील दुष्काळ वाव्हिलॉव्हने डोळ्यांनी पाहिले होते. एकाच वाणावर विसंबून राहिलेले पीक एका रोगाने, एका कडाक्याच्या थंडीने साफ बुडते. परंतु शंभर वाण हाताशी असतील तर त्यातला एखादा तगतो. म्हणून कुठल्याही आडगावचे, कुठल्याही वेड्यावाकड्या दाण्याचे बी टाकाऊ नव्हे, हा त्याचा ध्यास. पण सत्तेच्या मर्जीतील लायसेन्को नावाच्या गृहस्थाच्या अशास्त्रीय मतांना त्याने विरोध केला आणि त्याची किंमत मोजली. ऑगस्ट १९४० मध्ये, वनस्पती गोळा करण्याच्या दौऱ्यावर असतानाच त्याला अटक झाली. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे वीस वर्षांच्या कैदेवर आणली गेली. वेढा पडला तेव्हा आपला गुरू जिवंत आहे की नाही हेही त्याच्या सहकाऱ्यांना ठाऊक नव्हते.

अशा अवस्थेत ती मंडळी त्या इमारतीत बी राखत बसली होती.

लेनिनग्राडजवळ पाव्हलोव्स्क येथे संस्थेचे प्रयोगक्षेत्र होते. तेथे अँडीज पर्वतातून आणलेल्या बटाट्यांचे दुर्मिळ वाण जमिनीत होते. जर्मन फौजा येऊन भिडल्या तेव्हा अब्राहम कामेराझ आणि ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांच्या माऱ्यात ते बटाटे खणून शहरात आणले. धान्याच्या दाण्याचे एक बरे असते, तो कोरडा ठेवला की वर्षे काढतो. बटाटा हा जिवंत कंद. गोठला की मेला. तळघरात ठेवलेले ते बटाटे गोठू नयेत म्हणून सतत ऊब देत राहणे भाग होते. शहरात माणसाला शेकायला लाकूड मिळत नव्हते, आणि वादिम लेखनोव्हिच नावाचा शास्त्रज्ञ व त्याचे सोबती मोडक्या पेट्या, फळकुटे, मिळेल ते जळण आणून बटाट्यांना ऊब देत होते. दाराबाहेर भूक, आत बटाट्यांचे ढीग, आणि मधे उभे ते सुजल्या पायांचे राखणदार!

वरच्या मजल्यावर बियांच्या पेट्या होत्या. उंदीर-घुशींनी उच्छाद मांडला तेव्हा पुड्या पत्र्याच्या डब्यांत भरून डबे एकमेकांना घट्ट बांधून ठेवले. खोल्यांना कुलपे लावली आणि एकट्या माणसाने आत जायचे नाही असा नेम केला. हा नेम दुसऱ्यावरच्या अविश्वासापेक्षा स्वतःच्या भुकेवरच्या अविश्वासातून आला असावा, असे मला वाटते. माणसाचे मन कितीही थोर असले तरी त्याचा हात पोटाचा असतो.

त्या हिवाळ्यात भुईमुगाचा अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन आपल्या मेजाशी काम करता करता मरण पावला. तांदळाचा तज्ज्ञ दिमित्री इव्हानॉव्ह उपाशी मेला. त्याच्या खोलीत तांदळाची हजारो पाकिटे जशीच्या तशी होती. ओटचा संग्रह सांभाळणारी लिडिया रोदिना गेली. असे आणखीही कितीतरी गेले. दाण्याला कुणी तोंड लावले नाही.

माझ्या वर्गात ही हकिगत सांगितली की मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो. “गुरुजी, एवढी माणसे मरत होती, तर ते बी वाटून का नाही टाकले?” प्रश्न योग्यच आहे. त्याला गप्प बसवणे हे उत्तर नव्हे. संग्रह मोठा होता, पण तो वाणांनी मोठा होता. वजनाने काही टनांचा. वीस-पंचवीस लाख माणसांत वाटला असता तर माणशी चिमूटभर आला असता आणि एका सकाळी संपला असता. मग पुढच्या पेरणीला काय? युद्ध संपल्यावर जळलेल्या शेतांत काय टाकायचे? पण हा झाला हिशेब. हिशेबाने मेंदू पटतो, पोट पटत नाही. शिवाय तो दाणा शेजाऱ्याच्या मुलाला दिला असता तर एक जीव चार दिवस अधिक जगला असता, हेही खोटे नाही. या कोड्याचे सोपे उत्तर देणाऱ्याने ती भूक अनुभवलेली नसते. लेखनोव्हिचला पुढे अनेक वर्षांनी हेच विचारले गेले. त्याचे म्हणणे असे की सकाळी उठणे कठीण होते, हातपाय हलवणे कठीण होते; पण संग्रहाला हात न लावणे मुळीच कठीण नव्हते. जे आपल्या आणि आपल्या सोबत्यांच्या आयुष्याचे कारण होते ते खाणार कसे?

३

मार्च १९४२ उजाडला. उन्हाला किंचित ऊब आली आणि नवीनच भीती उभी राहिली. हिवाळाभर साचलेली घाण, बर्फाखालची प्रेते, फुटलेली गटारे, हे सारे वितळले म्हणजे साथ पसरणार. मार्चअखेर सुमारे तीन लाख माणसे, बहुतेक बायाच, फावडी आणि पहारी घेऊन रस्त्यांवर उतरली. ज्यांना धड उभे राहवत नव्हते त्यांनी काही आठवड्यांत शहर झाडून काढले. १५ एप्रिलला ट्रामगाडी पुन्हा धावली. तिची घंटा ऐकून रस्त्यातली माणसे रडली असे सांगतात.

दुसरे संकट शरीराच्या आत होते. पावाचा शिधा वाढला होता, पण महिनोन् महिने हिरवे पान पोटात न गेल्याने स्कर्व्ही हा रोग बळावला होता. हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, पायांवर काळेनिळे डाग पडत आणि सांधे धरत. क जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे कारण. हिवाळ्यात त्यावर पाइन वृक्षाच्या सुयांचा कडू काढा करून लोकांना पाजण्यात आला होता. पण खरे औषध म्हणजे ताजी भाजी. ती लाडोगाच्या बर्फावरून येणार नव्हती. ती शहरातच पिकवायला हवी होती.

म्हणून त्या वसंतात शहराच्या कारभाऱ्यांनी नागरिकांना आणि कारखान्यांना सांगितले, की जेथे हातभर माती दिसेल तेथे भाजी लावा. माणसे तर निमित्ताचीच वाट पाहत होती. ‘मार्सचे मैदान’ नावाच्या कवायतीच्या पटांगणात वाफे पडले. बागांतील हिरवळी उलथल्या गेल्या, इमारतींची अंगणे, कालव्यांचे काठ, रस्त्याकडेच्या पट्ट्या खणल्या गेल्या. समर गार्डन नावाच्या जुन्या राजोद्यानातील संगमरवरी पुतळे बॉम्बपासून वाचावेत म्हणून आधीच जमिनीत पुरून ठेवले होते. ज्या हातांनी शिल्पे पुरली त्याच हातांनी आता बी पुरायचे होते. आणि सेंट आयझॅक देवालयापुढे, त्या करड्या घुमटाच्या सावलीत, कोबीच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या चौकातील कोबीची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. मागे प्रचंड खांब, पुढे आडव्या-उभ्या गड्ड्यांची शिस्तीत बसलेली फौज आणि तिच्यात वाकलेल्या डोईला रुमाल बांधलेल्या बाया.

काम सोपे नव्हते. ज्याला जिना चढताना तीनदा बसावे लागते त्याने कुदळ कशी मारायची? अनुभवही नव्हता, ही माणसे कारकून, शिक्षिका, गिरणीकामगार, वादक. तेव्हा बी राखणारे शास्त्रज्ञच आता शिक्षक झाले. वाफा किती खोल खणायचा, कोबीचे रोप किती अंतरावर लावायचे, राख कशी घालायची, हे त्यांनी लोकांना शिकवले. बटाटा अख्खा पुरणे ही चैन होती. डोळा असलेला वरचा तुकडा कापून तेवढाच मातीत घालायचा आणि उरलेला खायचा, ही युक्ती त्या युद्धकाळात रशियात घरोघर झाली. तळघरातले ते जपलेले बटाटेही त्या वसंतात शहराच्या आसपासच्या शेतांत लावले गेले. जो कंद हिवाळाभर माणसाच्या उबेवर जगला तो जमिनीत गेला आणि त्याला कोंब फुटला.

पण पेरल्याबरोबर पान येत नाही. मधल्या आठवड्यांसाठी शहराने रानभाज्यांचा आधार घेतला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी खाण्याजोग्या रानवनस्पतींची पुस्तिका काढली. स्पर्श होताच अंगाची आग करणारी, आपल्याकडे हिमालयात जिला बिच्छूघास म्हणतात ती वनस्पती, पिवळ्या फुलांचे डॅन्डेलियन, आणि रशियन लोक जिला ‘लेबेदा’ म्हणतात ती पालेभाजी. ही लेबेदा आपल्या चाकवताच्याच कुळातली. चाकवताची ताकातली भाजी ज्या घरात आवडीने होते त्या घराने लक्षात ठेवावे, की तिच्या चुलतबहिणीने एका महानगराचे रक्त राखले आहे. रस्त्याच्या कडेचे गवतही त्या मे महिन्यात शहरात उरले नव्हते असे म्हणतात.

जूनमध्ये त्या अक्षांशावर सूर्य मावळतो न मावळतो तोच पुन्हा उगवतो. त्या ‘शुभ्र रात्री’ रशियन साहित्यात प्रसिद्ध आहेत. १९४२ साली त्या रात्री भाजीच्या कामी आल्या. पिकाला जवळजवळ अखंड उजेड मिळाला आणि माणसांना राखणीला. हो, राखण करावी लागे. भुकेल्या शहरात मुळ्यालाही पहारा हवा. शाळेतील मुले शहराबाहेरच्या शेतांवर खुरपणीला गेली. शिक्षक मंडळी बरोबर होती. गोळे पडत, मुले आडवी होत, धुरळा बसला की पुन्हा खुरपे चाले.

त्या वर्षी ९ ऑगस्टला शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी याच शहरात वाजली, आणि जगाने कौतुकाने कान दिला. ती वाजवणाऱ्या वादकांना सरावासाठी उभे राहण्याइतकी शक्ती यावी म्हणून जास्तीचे अन्न द्यावे लागले होते. संगीताची कीर्ती झाली. कोबीची कोण करतो? पण त्या शरद ऋतूत घरोघर कोबीचे पिंप मिठाने भरले, गाजरे आणि बीट तळघरात गेले, आणि दुसरा हिवाळा पहिल्यासारखा गेला नाही. याचे सारे श्रेय वाफ्यांना देणे खोटेपणाचे होईल. लाडोगाच्या वाटेने अन्न येत राहिले. माणसे बाहेर नेली गेली आणि फार माणसे मेली होती; पंचवीस लाखांच्या शहरात त्या उन्हाळ्याअखेर एक तृतीयांशाच्या आसपासच वस्ती उरली होती. जेवणारी तोंडेच कमी झाली होती. हे सत्य कडू आहे, पण इतिहास गोड करून सांगू नये. तरीही जी उरली त्यांच्या हिरड्यांतले रक्त थांबले ते या हिरव्या पानांनी. १८ जानेवारी १९४३ रोजी वेढ्याला भगदाड पडले आणि २७ जानेवारी १९४४ रोजी तो पुरता उठला. ८७२ दिवस झाले होते.

आणि वाव्हिलॉव्ह? २६ जानेवारी १९४३ रोजी, वेढ्याला भगदाड पडल्यानंतर आठ दिवसांनी, सारातोव्हच्या तुरुंगात तो मरण पावला. ज्याने जगाची भूक भागावी म्हणून पाच खंडांतून बी गोळा केले, तो अन्नाच्या अभावाने खंगून गेला. सरकारने त्याला निर्दोष ठरवले ते १९५५ साली. पुढे संस्थेला त्याचेच नाव देण्यात आले.

४

त्याच काळात इतर देशांतही घरची भाजी हे युद्धाचे अंग झाले होते. इंग्लंडात ऑक्टोबर १९३९ पासूनच ‘विजयासाठी खणा’ अशी हाक दिली गेली होती. लंडनच्या बुरुजाचा कोरडा खंदक भाजीने भरला आणि वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलजवळ बॉम्बने पाडलेल्या खड्ड्यातच एकाने वाफे घातले. दर रविवारी मिडलटन नावाचे गृहस्थ रेडिओवरून बागकाम सांगत आणि घरेच्या घरे ऐकत. अमेरिकेत १९४३ साली अशा बागांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली. व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही एलिनॉर रूझवेल्ट बाईंनी वाफे घातले. पण तेथे भाजी ही शिध्याला जोड होती. लेनिनग्राडात ती जीव आणि मरण यांच्यामधली काडी होती.

आपल्या देशातही १९४२-४३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. आणि १९४३ सालीच बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने व तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी मेली. ज्याला कसायला जमीन नाही आणि तांदूळ घ्यायला पैसा नाही, त्याला पिकवा म्हणून सांगून काय उपयोग? परसबाग हा राज्यकर्त्यांच्या निर्दयपणावरचा उतारा नव्हे, हे बंगालने शिकवले. ती राज्यकर्त्यांची सबब होऊ नये. ती माणसाची स्वतःची ताकद मात्र होऊ शकते. १९६५ साली पंतप्रधान लालबहादुर शास्त्रींनी दिल्लीच्या निवासस्थानातील हिरवळ नांगरून तेथे पीक लावले, त्यामागेही हीच भावना होती. देश पोसण्याइतके धान्य त्या तुकड्यात थोडेच येणार! पण जे लोकांना सांगायचे ते आधी आपल्या अंगणात करायचे, ही त्या साध्या माणसाची रीत होती.

लेनिनग्राडच्या कथेतून मला जे उमगले ते थोडक्यात असे. परसबाग पेरणीच्या दिवशी सुरू होत नाही. ती त्याआधीच्या हिवाळ्यात सुरू होते. भूक लागलेली असताना मूठभर दाणा बाजूला काढून ठेवला जातो त्या क्षणी. वसंताची वाट सगळेच पाहतात. पण ज्याने बी राखले आहे त्याचेच वाट पाहणे खरे. इतरांचे नुसते खिडकीत बसणे.

हे शहाणपण आपल्या घरांना नवे नाही. वेलावरचा सगळ्यांत देखणा दोडका तोडायचा नाही, वाळू द्यायचा, हा आजीचा दंडक कुणाला आठवत नाही? भोपळ्याच्या आणि वालाच्या बिया राखेत घोळून गाडग्यात जायच्या, मक्याची कणसे चुलीवरच्या धुरात टांगली जायची. घरात कितीही ओढगस्त असली तरी त्या गाडग्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती. मध्यंतरी दुकानातली रंगीत पाकिटे आली आणि गाडगी अडगळीत गेली. उत्पन्न वाढले हे खरे, पण गावोगावचे जुने वाण एकेक करून नाहीसे झाले हेही तितकेच खरे. नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे हरवणे ओळखले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या आदिवासी बाईंनी वाल-घेवड्याचे, भाताचे, पालेभाज्यांचे गावरान वाण आपल्या घरात जमवले, जपले आणि बायाबापड्यांना परसबागेसाठी वाटले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाव्हिलॉव्हचे नाव त्यांच्या कानांवर पडले असो वा नसो. ज्ञान तेच आहे. एकाने ते पाच खंड फिरून मिळवले, दुसरीने आपल्या डोंगराच्या कुशीत.

आता दिवाळीचे फटाके विझतील, पाहुणे आपापल्या गावी जातील आणि सकाळी गवतावर दव दिसू लागेल. मेथीचे दाणे स्वयंपाकघरातल्या डब्यात आहेतच. धने पायाखाली दुभंगले की कोथिंबिरीचे बी तयार. अंगण नसेल तर खिडकीतल्या डब्यात पेरा. उगवलेले सगळे खाऊन मात्र टाकू नका. दोन रोपे फुलू द्या, वाळू द्या, आणि त्यांचे बी कागदाच्या पुडीत बांधून, वर मुलांच्या हातून वाणाचे नाव लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला ती पुडी उघडताना मुले विचारतील, हे कशासाठी ठेवले होते? तेव्हा त्यांना त्या चौकातल्या कोबीची गोष्ट सांगा.